वारंवार गर्भपात : बाईला दोष नको, कारण शोधा

गेल्या वर्षावासात आमच्या विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. एका संध्याकाळी किसा गोतमीची कथा आली. मेलेले मूल कडेवर घेऊन दारोदार औषध मागणारी आई, आणि ज्या घरात कधी कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणायला तिला सांगणारे तथागत. कथा सगळ्यांना पाठ आहे. वाचन चालू असतानाच मागच्या रांगेतली एक सून उठली आणि बाहेर चपलांजवळ जाऊन बसली. आमच्यातल्या दोघी तिच्या मागे गेल्या. बऱ्याच वेळाने ती बोलली, "तिच्यापाशी दाखवाले लेकरू तरी होतं, ताई. माह्यापाशी काय आहे?"

तिचे तीन गर्भ पडले होते. पहिला दुसऱ्या महिन्यात, दुसरा अडीच महिन्यांचा असताना, तिसरा चौथा महिना लागता लागता. तिन्ही वेळा पिशवी साफ करून तिला घरी आणले आणि दोन-तीन दिवसांत ती चुलीपुढे उभी राहिली. घरात माणूस गेले की आपण जलदान विधी करतो, पुण्यानुमोदनाला चार गावचे लोक येतात. हिच्याकडे कोणी आले नाही. भेटायला जावे असे काही घडले आहे, हेच कोणाला वाटले नाही.

तिच्या परवानगीने, नाव-गाव वगळून, आम्ही हे लिहीत आहोत. या पानावर आम्ही रक्तदाब, साखर, सिकलसेल, तंबाखू अशा विषयांवर लिहीत आलो. या विषयावर आजवर एक ओळ लिहिली नाही. गप्प बसणाऱ्यांत आम्हीही होतो.

किती जणींचे दुःख?

दिवस राहिल्याचे कळल्यानंतर साधारण शंभरातल्या पंधरा गर्भांचा असा शेवट होतो. जगभरात दरवर्षी सुमारे २ कोटी ३० लाख गर्भपात होतात, असा अंदाज २०२१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने दिला. यातले बहुतेक एकदाच होतात आणि पुढचे बाळंतपण नीट पार पडते. पण शंभरात एखादीच्या वाट्याला हे तीन किंवा अधिक वेळा येते. दोनदा येणाऱ्या त्याहून जास्त. आपल्या वस्तीत पाचशे घरे असतील, तर अशा काही जणी त्यात आहेतच. आपल्याला त्या माहीत नसतील, तर त्या नाहीत असा त्याचा अर्थ होत नाही. त्यांनी कोणाला सांगितलेले नाही, एवढाच होतो.

सांगत का नाहीत, याचे एक कारण आपल्या भाषेतही आहे. आपोआप गर्भ पडला तरी 'गर्भपात' आणि दवाखान्यात जाऊन करवून घेतला तरी 'गर्भपात'. शब्द एकच. कागदावर डॉक्टर 'अबॉर्शन' लिहितात, सासरी ती चिठ्ठी कोणीतरी वाचतो आणि विचारतो, "पाडलं का?" जिने जीव मुठीत धरून दिवस काढले, तिलाच खुलासा द्यावा लागतो. हवे असलेले बाळ गेले, तेव्हा 'आपोआप झालेला गर्भपात' असे स्पष्ट म्हणावे. चिठ्ठी देताना डॉक्टरांनीही हे दोन वाक्यांत घरच्यांना समजावून सांगावे.

देव गेले, दोष राहिला

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपण घरातले देव काढले. बावीस प्रतिज्ञा घेतल्या. आपल्या बहुतेक घरांत आता नवस होत नाहीत, अंगारे-धुपारे होत नाहीत. याचा आम्हाला अभिमान आहे. पण खरे बोलायचे तर देव गेले आणि दोष मागे राहिला. "पायगुण बरा नाही", "पोटात काही ठरतच नाही तिच्या", "मागच्या जन्मीचं काही असेल" ही वाक्ये आम्ही बुद्धवंदना म्हणणाऱ्या तोंडांतून ऐकली आहेत. मागच्या जन्मीच्या पापाने या जन्मी दुःख भोगावे लागते, हा विचार बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात ठामपणे नाकारला. त्याच विचाराने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले होते. तोच विचार आपण आपल्या सुनेला कसा लावतो?

काही घरांत आणखी पुढची पायरी गाठली जाते. "अजून एकदा असं झालं तर दुसरी करून आणू." त्यांना आम्हाला एवढेच सांगायचे आहे की गर्भ हा बाईच्या बीजाचा आणि पुरुषाच्याही बीजाचा बनतो. बिघाड कोणत्याही बाजूने येऊ शकतो आणि पुष्कळदा कोणाच्याच बाजूने नसतो. नुसती बाई बदलून कारण सापडत नाही.

पपई खाल्ली, स्कूटीवर बसली, बादली उचलली, ग्रहणात बाहेर गेली, कोणाची नजर लागली, यातल्या कशानेही गर्भ पडत नाही. रोजचे घरकाम, चालणे, बसचा प्रवास यांनी पडत नाही. नुसते पडून राहिल्याने तो टिकतो, असेही सिद्ध झालेले नाही. वीटभट्टीवर दिवसभर ओझी वाहणे किंवा शेतात फवारणीचे औषध अंगावर घेणे ही गोष्ट वेगळी. ती कामे गरोदर बाईने करू नयेत. पण ती कोणी हौसेने करत नाही. तो प्रश्न मजुरीचा आहे, बाईच्या हलगर्जीपणाचा नाही.

कारणे कोणती?

दुःख आहे आणि दुःखाला कारण आहे, ही धम्माची शिकवण. म्हणून पहिले काम कारण शोधण्याचे. पूर्वी तिसरा गर्भ पडेपर्यंत थांबायला सांगत. आता युरोप-अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्था दोनदा झाले की तपासण्या सुरू कराव्यात असे म्हणतात. आमचेही तेच मत आहे. तिसऱ्या वेळेची वाट पाहा असे सांगणे म्हणजे तिला आणखी एकदा त्याच वाटेने पाठवणे.

पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी जवळजवळ निम्म्यांत गुणसूत्रांची संख्या किंवा रचना मुळातच चुकलेली असते. असा गर्भ वाढू शकत नाही. ही चूक बीज तयार होताना किंवा फळताना योगायोगाने होते. बाईचे वय पस्तिशीपुढे गेले की तिचे प्रमाण वाढते. थोड्या जोडप्यांत मात्र नवऱ्याच्या किंवा बायकोच्या गुणसूत्रांचे तुकडे जागा बदललेले असतात. त्यांना स्वतःला काही त्रास नसतो, पण गर्भ पडत राहतात. दोघांच्या रक्ताची 'कॅरिओटाइप' तपासणी केली की हे कळते. दोघांच्या, हे लक्षात असू द्या.

दुसरे कारण रक्तातले. काही बायकांच्या शरीरात अशी प्रतिपिंडे तयार होतात की रक्त गोठण्याकडे कल वाढतो आणि वारेचे काम बिघडते. याला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात. वारंवार गर्भपाताच्या कारणांत हे फार महत्त्वाचे, कारण यावर उपचार आहे. तपासणी एकदा करून भागत नाही. बारा आठवड्यांनी पुन्हा करावी लागते आणि दोन्ही वेळा दोष दिसला तरच निदान पक्के होते. मग पुढच्या गरोदरपणात डॉक्टर कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शने देतात. त्याने मूल हाती येण्याची शक्यता बरीच वाढते. ही औषधे आपल्या मनाने किंवा शेजारणीची चिठ्ठी पाहून घेऊ नयेत.

तिसरे कारण गर्भपिशवीचे. पिशवीत जन्मतः पडदा असतो किंवा आतल्या बाजूला गाठ असते. सोनोग्राफीत, गरज पडल्यास दुर्बिणीतून, ते दिसते. चौथ्या-पाचव्या महिन्यात फारशा कळा न येता गर्भ निसटत असेल, तर पिशवीचे तोंड सैल आहे का ते पाहावे लागते. तसे असेल तर टाका घालता येतो.

थायरॉइड आणि साखर या दोन तपासण्या साध्या, स्वस्त आणि बहुतेक ठिकाणी होणाऱ्या आहेत. बिघाड आढळला तर दिवस राहण्याआधीच तो आटोक्यात आणावा.

आमच्या विदर्भात सिकलसेलचा प्रश्न निघतोच. यात एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. बाई सिकलसेलची रुग्ण म्हणजे 'एसएस' असेल, तर गरोदरपणात धोका जास्त असतो आणि तिची देखरेख मोठ्या रुग्णालयातच व्हावी. ती नुसती वाहक म्हणजे 'एएस' असेल, तर बहुतेक वेळा गरोदरपण नीट पार पडते. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळ रुग्ण निघण्याची शक्यता चारात एक असते. पण वारंवार गर्भ पडण्याचे कारण म्हणून त्याकडे बोट दाखवू नये. "दोघं एएस आहेत, म्हणून पडतात" असे म्हणून बाकीच्या तपासण्या सोडून दिलेली जोडपी आम्ही पाहिली आहेत.

तंबाखू, खर्रा, गुडाखू, विडी-सिगारेट, दारू हे सगळे गर्भाला घातक आहे. नवऱ्याने घरात ओढलेल्या विडीचा धूरही त्यात आला. पंचशीलातले पाचवे शील दोघांसाठी आहे.

इतके करूनही सुमारे निम्म्या जोडप्यांत कारण सापडत नाही. हे ऐकून बाई खचते. पण कारण सापडले नाही याचा दुसरा अर्थ असा की मोठा दोषही सापडला नाही. अशा जोडप्यांपैकी बहुतेकांना, विशेषतः वय कमी असेल तर, पुढे कोणत्याही खास औषधाशिवाय मूल होते. लवकर सोनोग्राफी, ओळखीचे डॉक्टर, शंका आली की विचारता येणे, एवढा आधार त्यांना पुरेसा असतो.

फसू नका, फाइल जपा

देवऋषी सोडला तरी फसवणारे संपत नाहीत. वारंवार गर्भपात म्हटले की आपल्याकडे सर्रास 'टॉर्च' नावाची रक्ततपासणी लिहिली जाते आणि तिच्यावरून महिनोन्‌महिने गोळ्या चालतात. वारंवार गर्भपाताच्या शोधात या तपासणीचा उपयोग नाही, असे तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. नवऱ्याच्या रक्तातल्या पेशींची 'लस' बायकोला टोचण्याचा महागडा उपचारही काही ठिकाणी विकला जातो. त्यालाही भक्कम पुरावा नाही. प्रोजेस्टेरॉनचे तसे नाही. आधी गर्भपात झालेला आहे आणि या खेपेस डाग दिसत आहेत, अशा बाईला त्याचा काहीसा फायदा होतो, असे ब्रिटनमधल्या २०१९ च्या मोठ्या अभ्यासात दिसले. म्हणून ते प्रत्येकीला सरसकट द्यावे असे नाही. कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, हा कालाम सुत्ताचा उपदेश पांढऱ्या कोटासमोरही लागू आहे. "ही तपासणी कशासाठी? हिच्या निकालाने माझा उपचार बदलणार आहे का?" एवढे दोन प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

प्रत्येक वेळची कागदे एका फाइलमध्ये ठेवा. कितवा आठवडा होता, सोनोग्राफीत ठोके दिसले होते का, आधी अंगावरून गेले की आधी कळा आल्या, पिशवी साफ केली का, हे तारखेसह लिहून ठेवा. दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा गर्भ पडला, तर पडलेल्या भागाची गुणसूत्र तपासणी होईल का ते आधीच विचारा. त्यासाठी तो भाग फॉर्मॅलिनमध्ये नव्हे तर निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवावा लागतो. एकदा फॉर्मॅलिनमध्ये गेला की ती संधी हुकते. बाईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागते का, हेही विचारा.

खूप रक्त जात असेल, ताप असेल, घाण वास येत असेल, चक्कर येत असेल किंवा पोटात एका बाजूला असह्य दुखत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

पैशांचा प्रश्न खरा आहे. ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत केले आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बाईला डॉक्टरांची मोफत तपासणी मिळते. तिथे आधीच्या गर्भपातांची फाइल दाखवा आणि 'जोखमीची माता' म्हणून नोंद करायला सांगा. जिल्हा रुग्णालयात एखादी तपासणी होत नसेल, तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी मागा. तिथे समाजसेवा अधीक्षक असतात. इंजेक्शनांचा खर्च झेपत नसेल तर त्यांना भेटा. कोणी आडनाव विचारून आवाज बदलला, ओरडून बोलले, तर गप्प बसू नका. तक्रार लेखी द्या. एकटीने जमत नसेल तर मंडळाच्या चार जणी मिळून जा.

विश्रांती हा हक्क आहे

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, ही त्यांची भूमिका होती. त्या लढ्याचे फळ आज नोकरदार बाईला मिळते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. राज्य कामगार विमा असलेल्या कामगार बाईलाही तिच्या अटी पूर्ण केल्या की सहा आठवड्यांचा लाभ मिळतो. डॉक्टरांचा दाखला लागतो, तो त्याच दिवशी मागून घ्या. आमच्या ओळखीच्या शिक्षिकांनी, नर्स भगिनींनी 'ताप आला' म्हणून रजा काढली, कारण खरे कारण लिहायची लाज वाटली. लाज वाटण्यासारखे यात काही नाही.

पण धुणीभांडी करणारी, रोजंदारीवर जाणारी, ऊसतोडीला जाणारी आपली बहीण यात कुठेच बसत नाही. तिला सहा आठवडे कोण देणार? कायदा देत नाही तोवर समाजाने द्यावेत, असे आम्हाला वाटते.

मोहरी मागायला कोण जाणार?

किसा गोतमीची कथा आपण एका वाक्यात संपवतो : "जगात दुःख कोणाला नाही?" आणि तेच वाक्य गर्भ गमावलेल्या बाईच्या तोंडावर फेकतो. "होतं असं. पुढच्या वेळी होईल." पण कथा पुन्हा वाचा. तथागतांनी तिला दारातून हाकलले नाही. रडू नकोस म्हणाले नाहीत. त्यांनी तिला घरोघरी पाठवले. प्रत्येक घराने दार उघडले, आपल्याकडे कोण गेले ते तिला सांगितले. ती ऐकत गेली, आणि ऐकून ऐकून तिला आपले मूल खाली ठेवता आले. त्या सगळ्या घरांनी बोलायचे नाकारले असते, तर किसा गोतमी अजून फिरतच राहिली असती.

आपल्या रमाईने चार लेकरे गमावली. ती जन्मलेली लेकरे होती, गरिबीने आणि आजाराने गेली. तिचे दुःख निराळे, पण मुकाट्याने गिळलेले. राजरत्न गेल्यावर बाबासाहेबांनी ऑगस्ट १९२६ मध्ये एका मित्राला पत्र लिहिले आणि त्यात आपला शोक लपवला नाही. हे आम्ही पुरुषांसाठी मुद्दाम सांगतो. गर्भ पडतो तेव्हा बापही काही गमावतो. त्याने रडावे, बायकोजवळ बसावे, तपासणीला सोबत जावे. मित्रांच्या घोळक्यात हसत राहणे म्हणजे मर्दपणा नव्हे.

दोघांपैकी कोणालाही महिनोन्‌महिने झोप लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, पुन्हा दिवस राहण्याच्या नुसत्या विचाराने छातीत धडधडत असेल, तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन करावा. तो सरकारी आणि मोफत आहे, दिवसरात्र चालतो.

आमच्या महिला मंडळाने काही गोष्टी ठरवल्या आहेत. कोणाकडे गर्भ पडल्याचे कळले की दोघींनी भेटायला जायचे, उपदेश न करता बसायचे. घरच्यांना चालणार असेल तर काही दिवस तिच्या घरी डबा पोचवायचा. तिची इच्छा असेल तर तिच्या घरी त्रिसरण-पंचशील घ्यायचे, एक मेणबत्ती लावायची. नसेल तर नाही. नामकरणाच्या, ओटीभरणीच्या कार्यक्रमाचे बोलावणे तिला जाईल. यायचे की नाही, ते ती ठरवील, आणि आली तर कोणी कुजबुजायचे नाही. "गोड बातमी कधी?" हा प्रश्न मंडळात बंद. आणि जे जोडपे "आता पुरे" म्हणेल, त्यांच्या निर्णयालाही तितकाच मान. दत्तक घेतील, घेणार नाहीत, दोघेच राहतील. मूल नसलेला संसार अपुरा असतो, हे धम्माने कुठेही सांगितलेले नाही.

वर्षावासात उठून गेलेल्या त्या सुनेची रक्ततपासणी आता झाली आहे. प्रतिपिंडांची पहिली चाचणी दोष दाखवते. म्हणजे निदान झाले असे नाही. बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचे आहे. तिचा नवरा त्या दिवशी कामावरून सुटी घेणार आहे. सासूबाईंनी परवा मंडळात येऊन विचारले, "मी पण गेली तर चालते का?" आम्ही सांगितले, चालते. तारीख विहारातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवली आहे. आपल्या विहारातही अशी कोणी असेल, तर तिच्याजवळ जाऊन बसा. ती बोलायला वेळ घेईल. तेवढा वेळ तिला द्या.